पंगत उठेपर्यंत धुगधुगी

मी सात वर्षं मरत होते. चातुर्मासात, दर दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, मुलुंड पूर्वेच्या एका मंगल कार्यालयात. जिलेबीचं ताट आलं की मी "अगंबाई!" म्हणायचे आणि आडवी व्हायचे. हसू नका. उभ्याउभ्या भाषण ठोकणारे पैशाला पासरी मिळतात, पण भर पंगतीत तासभर निपचित पडून राहणारी बाई शोधून दाखवा.

हे ऐंशीच्या दशकातलं. आमच्या मंडळाचं नाव सांगून उपयोग नाही, कोणाला आठवणारही नाही. एकांकिका बसवणारे एक मास्तर होते. शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि ज्याला त्याला नाटकात ओढायचे. ते कार्यालय त्यांच्या शेजाऱ्याचं. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे चार महिने हॉल रिकामा, भांडी पालथी आणि आचारी दारात बसून तंबाखू मळतोय. मास्तरांनी ते बघितलं आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणाले, आपण खोटं लग्न लावू. लोक तिकीट काढून वऱ्हाडी म्हणून येतील. डावीकडे बसतील ते मुलीकडचे, उजवीकडे बसतील ते मुलाकडचे. जेवण खरंखुरं, पानावरचं, आणि जेवता जेवता एक खून. विडा तोंडात घालायच्या आधी ज्यानं त्यानं चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं. बरोबर ओळखेल त्याला नारळ.

कांदा-लसूण नाही, वांगं नाही, पण खून चालतो, असं आमचं चातुर्मासाचं व्रत.

मी तिथे गेले ती नाटकाच्या हौसेनं नव्हे. खरं सांगते, जेवायला गेले. विक्रोळीच्या एका कारखान्यात मी टेलिफोनच्या बोर्डवर बसायचे. दिवसभर कानात लोकांचे आवाज. याला त्याच्याशी जोडून दे, त्याला थांबव, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांग. संध्याकाळी भांडुपच्या खोलीत आले की कुकरची शिट्टी सोडली तर आवाज नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. भाऊ बोरिवलीला, त्याचा संसार, त्याची पोरं. माझं लग्न जमायचं ते वय मी आईच्या आजारपणात काढलं, आणि नंतर कोणी विचारलं नाही. रविवार मला खायला उठायचा. एका माणसाचा वरणभात कसा करायचा ते मला आजवर जमलेलं नाही. कितीही कमी घेतले तरी तांदूळ उरतात.

मास्तरांनी मला बघितल्याबरोबर ठरवलं, की ही श्रीमंत आत्याबाई. नवरीची आत्या, तोंडाळ, सगळ्यांशी भांडण, म्हणजे मरायला योग्य. भूमिका मला शोभली असं सगळे म्हणाले. म्हणू देत.

पहिल्या प्रयोगाला आमची काय फजिती झाली ते ऐका. पंगत छान रंगली होती. मी नवरदेवाच्या मामाचा उद्धार केला, मठ्ठ्याला नावं ठेवली, मग ठरल्याप्रमाणे कोसळले. वऱ्हाडातला डॉक्टर म्हणून आमचाच एक नट माझ्या शेजारच्या पाटावर बसलेला असायचा. त्यानं माझं मनगट धरलं, मान हलवली आणि जाहीर केलं, "गेली!"

आणि सगळे हात पानावरून वर.

मला डोळे मिटल्यामुळे दिसत नव्हतं, पण ओगराळ्यांचा आवाज थांबलेला कळला. मग समोरच्या ओळीतून एक आजोबा उठले. "मढं समोर ठेवून घास घशाखाली उतरवायचा कसा? ही कुठली पद्धत?" मागून एक बाई आपल्या मुलीला दटावत होती, "पान सोड, आधी पान सोड." बायका उठायला लागल्या. कोणी तर अंघोळ करावी लागेल का म्हणून विचारलं, नाटक आहे हे माहीत असूनसुद्धा! आम्ही एवढे शहाणे. आमच्यातल्या प्रत्येकाच्या चाळीत, बिल्डिंगमध्ये कोणी गेलं तर उचलेपर्यंत शेजारीपाजारी चूल पेटवत नाहीत, आणि दोन महिन्यांच्या तालमीत एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. मी पडल्या पडल्या मास्तरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

आचारी मालवणचा. तो झारा घेऊन बाहेर आला. "शंभर माणसांचा जेवाण फुकट गेला तर मी खराच खून करतलंय, सांगान ठेवतंय!"

तेवढ्यात डॉक्टरनं माझं सोडलेलं मनगट पुन्हा पकडलं. "थांबा, थांबा मंडळी! अजून धुगधुगी आहे!"

आजोबांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की. नाडी लागतेय ना. जेवणं होईपर्यंत काही होत नाही बाईंना."

"मग बसतो," आजोबा म्हणाले, "मठ्ठा आणा."

असा हशा मी नंतर कुठल्याही नाट्यगृहात ऐकला नाही. झकास! लोकांना वाटलं, आधीच ठरवून केलेलं आहे. त्या दिवसापासून ते ठरवूनच झालं. पंगत उठेपर्यंत आत्याबाईनं मरायचं नाही. दर पाच-दहा मिनिटांनी पोलीस इन्स्पेक्टर झालेले मास्तर विचारणार, "डॉक्टर, काय परिस्थिती?" डॉक्टर माझं मनगट चाचपून म्हणणार, "अजून धुगधुगी आहे. सावकाश होऊ द्या." लोकही आगाऊ. "डॉक्टर, दोन जिलब्या राहिल्यात, तेवढी धुगधुगी ठेवा हो!" ताकभात झाला, सगळ्यांनी हात धुतले, की मग डॉक्टर म्हणणार, "गेली," आणि माझा हात धप्पकन जमिनीवर सोडणार. त्याला शेवटचा हशा. मग मास्तर चिठ्ठ्या उघडणार आणि खुनी सांगणार. खुनी दर प्रयोगाला वेगळा. विष मात्र कधीच जेवणात नाही. आचाऱ्याची ती अट होती. त्यामुळे मी कधी गजऱ्यातल्या विषानं मेले, कधी अत्तराच्या फायानं. एकदा तर अक्षतांनी!

आमची आणखी एक रीत होती. प्रॉम्प्टरला बसायला जागा नव्हती. पंगतीत विंग कुठून आणणार? तर ते काम माझ्याकडे आलं, कारण मला सगळ्यांची वाक्यं पाठ होती आणि पडून राहण्यापलीकडे काही उद्योग नव्हता. आमचे नट वाढपी बनून फिरायचे. गिरणी बंद पडल्यावर खरोखरच वाढपी झालेले दोघं त्यांत होते. वाक्य अडलं की बादली घेऊन माझ्या बाजूला यायचं, वाढायला वाकायचं, आणि मी ओठ न हलवता वाक्य द्यायचे. "म्हण, मी तेव्हा कोठीत होतो." तो ताठ होऊन मोठ्यानं, "मी तेव्हा कोठीत होतो!" बोर्डवर आवाज दाबून बोलायची सवय इथे कामाला आली. सात वर्षं आमचं नाटक मेलेल्या बाईनं चालवलं असं म्हटलं तरी चालेल.

डॉक्टरना मात्र मी कधी वाक्य दिलं नाही. त्यांना लागायचंच नाही.

आता त्यांच्याविषयी सांगायलाच हवं. ते घाटकोपरला राहायचे, एका सरकारी कचेरीत कारकून. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे. लग्न केलेलं नव्हतं. दोन बहिणींची लग्नं उरकेपर्यंत यांचं राहून गेलं, आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई. ते मला नाटकाबाहेरही आत्याबाई म्हणायचे, मी त्यांना डॉक्टर. कधी नावानं हाक मारली असेल तर मला आठवत नाही. चेहरासुद्धा धड आठवत नाही, कारण त्यांच्या शेजारी असताना बहुतेक वेळ माझे डोळे मिटलेले. हात आठवतो. बोटं नेहमी जरा गार, कारण त्याच हातानं पाण्याचं भांडं उचललेलं. घड्याळाचा पट्टा माझ्या बांगडीला अडकायचा. तो ते बिनबोभाट सोडवून घ्यायचे.

मी पडलेली असताना ते मला सगळं सांगायचे. दबल्या आवाजात, पानावर मान घालून. "समोरच्या काकूंचा तिसऱ्यांदा मसालेभात." "मास्तरांची मिशी सुटत चाललीय." "तो कोपऱ्यातला माणूस चिठ्ठीवर माझं नाव लिहितोय, बघा." मी हसू दाबायचे, पोट हलायचं, मग ते मोठ्यानं, "धुगधुगी आहे, धुगधुगी आहे!" प्रयोग संपला की मंडळाची पंगत बसायची. तेव्हाही ते माझ्याच शेजारी. माझ्यासाठी दोन जिलब्या त्यांनी आधीच पानाखाली झाकून ठेवलेल्या असायच्या. त्या गार झालेल्या आणि चिवट. मला तशाच आवडायला लागल्या.

आडपडदा कशाला ठेवू? मला तो माणूस हवा होता. आठवड्याचे सहा दिवस कोणी माझा हात धरत नव्हतं, कंडक्टरनं सुटे पैसे ठेवले तर तेवढाच काय तो स्पर्श. दर दुसऱ्या रविवारी तासभर एक माणूस माझं मनगट धरून लोकांना सांगायचा की ही अजून जिवंत आहे. त्यावर मी पंधरा दिवस काढायचे. कार्तिकी एकादशीला आमचा हंगाम संपायचा. लग्नसराई सुरू झाली की सगळं जग खुशीत आणि मी सुतकात. मास्तर पितृपंधरवड्यात प्रयोग ठेवत नसत, त्याचासुद्धा मला राग यायचा.

पण माझं तोंड! चौथ्या की पाचव्या वर्षी एकदा ते हळूच म्हणाले, "आत्याबाई, आज नाडी फार जोरात आहे तुमची." आणि मी काय उत्तर द्यावं? "सकाळपासून उपाशी आहे, जोरात नाही तर काय होणार!" ते म्हणाले, "बरं, दोनाऐवजी तीन जिलब्या ठेवतो." माझ्या जिभेला काय हाड आहे का? आईनं मला दुसऱ्यांच्या चुका काढायला शिकवलं होतं. कोणी गोड बोललं तर काय करायचं ते शिकवायच्या आधी ती गेली.

पुढे दिवस पालटले. रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागायला लागल्या, त्या संपल्याशिवाय लोक घरातून हलेनात. चातुर्मासात हॉलवर साड्यांचे सेल लागायला लागले. आणि मग मालकांनी हॉल नवा केला. नवी फरशी, वर पंखे, आणि पाट, पत्रावळी, सतरंज्या सगळं माळ्यावर. म्हणाले, आता बुफे. लोकांना मांडी घालून बसणं जड जातं.

मास्तर म्हणाले, करून बघू एक प्रयोग. सातवं वर्ष, श्रावणातला पहिला रविवार. त्या दिवशी सकाळी मी कोठीत आरशापुढे अंबाड्यावर गजरा माळत होते, तेव्हा डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "बदली झालीय. नागपूरला. गणपतीनंतर हजर व्हायचंय."

मी आरशातूनच विचारलं, "आणि आई?"

"तिलाही नेतोय."

"मग बरंय की," मी म्हटलं. "तिकडे घरं मोठी मिळतात."

ते उभेच होते. "आत्याबाई, मला जरा बोलायचं होतं."

"आता नको हो, माझी साडी व्हायचीय. प्रयोगानंतर बोला."

साडी कधीच नेसून झाली होती. माझा चेहरा त्यांना दिसू नये एवढंच मला कळत होतं. म्हटलं, दीड-दोन तासांचा तर प्रश्न आहे. सात वर्षं थांबले, आणखी दोन तास. त्या दिवशी मी जिलेबीच्या ताटाची वाट बघत होते ती मरायला नव्हे, लवकर मरून लवकर उठायला.

प्रयोगाची पार वाट लागली. लोक ताटल्या घेऊन हॉलभर फिरत होते. कोणी भात घेतोय, कोणी आइस्क्रीम संपवून निघालाय, एक कुटुंब तर ताटल्या घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसलं. मी फरशीवर मधोमध पडलेली, आणि माणसं मला वळसा घालून कोशिंबिरीकडे जात होती. वाढपीच नाहीत, तर वाकणार कोण आणि मी वाक्य देणार कोणाला? सगळे अडखळत होते. डॉक्टर तेवढे माझ्याजवळ गुडघे टेकून बसले होते, माझं मनगट धरून. त्या दिवशी ते मला काहीच सांगत नव्हते. कोण किती जेवतंय, कोणाची मिशी सुटलीय, काही नाही.

शेवटी ताटल्या टबात पडल्याचे आवाज थांबले. मास्तरांनी विचारलं, "डॉक्टर, काय परिस्थिती?"

"अजून धुगधुगी आहे."

लोक हसले. मास्तर म्हणाले, "जेवणं झाली सगळ्यांची."

"असू देत. धुगधुगी आहे."

पुन्हा हसले, पण कमी. मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं. ते काहीच बोलले नाहीत. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कोणीतरी बस गाठायची म्हणालं. मला वाटलं, बिचारे विसरले. बदलीचं टेन्शन, त्यात इतका वेळ फरशीवर गुडघ्यांवर. आणि सात वर्षांची माझी सवय. मी ओठ न हलवता म्हटलं, "गेली म्हणा."

बोटं तशीच.

"अहो, गेली म्हणा ना!"

मग ते बोलले. मला एकटीला ऐकू येईल एवढंच. "म्हणायलाच पाहिजे का?"

आणि मी, अख्ख्या मंडळाची प्रॉम्प्टर, फिस्कारले, "पाहिजे म्हणजे काय? लोक ताटकळलेत!"

मग ते मोठ्यानं म्हणाले, "गेली." माझा हात त्यांनी धप्पकन सोडला नाही. दोन्ही हातांनी धरून हळूच फरशीवर ठेवला आणि वर आलेली बांगडी नीट सारली. तेव्हा मला समजलं. त्याच वेळी समजलं, नंतर नाही. पण मी मेलेली होते. मास्तर चिठ्ठ्या उघडत होते, खुनी कोण ते सांगत होते, कुणाला तरी नारळ मिळत होता, आणि मी डोळे मिटून त्या गार फरशीवर पडून होते. उठून बसायला हवं होतं. नाटक गेलं खड्ड्यात म्हणायला हवं होतं. दहा मिनिटं मी शिस्तीत मेलेली राहिले.

टाळ्या वाजल्यावर डोळे उघडले. ते नव्हते. आचारी कढई घासून घेत होता, म्हणाला, "डाक्टर गेले. आवशीक बरा नाय म्हणान सांगल्यानी." म्हणजे आईचं निमित्त. त्यानं माझ्यापुढे कागदाची पुडी ठेवली. "ह्या तुमका दिऊक सांगल्यानी." आत जिलब्या होत्या, तीन.

मंडळ तिथेच संपलं. मास्तरांनी शाळेत पुन्हा एकांकिका बसवल्या, मला बोलावलं, मी गेले नाही. डॉक्टरांच्या कचेरीचा नंबर त्यांच्याकडून घेतला होता. एकदा दुपारी बोर्डवरून नागपूरचा ट्रंक कॉल लावला, स्वतःसाठी, इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच नियम मोडून. पलीकडून बाई म्हणाली, "नागपूर लागलंय, बोला." रोज दोनशे लोकांना जोडून देणारी मी, मला हॅलो म्हणता येईना. मी प्लग काढला. नंतर कळलं की त्यांनी तिकडेच लग्न केलं, आईच्या शेवटच्या दिवसांत. चांगलं झालं. म्हणजे मी तसं म्हणते.

अजून कोणी जुनं भेटलं की विषय निघतो. तो शेवटचा प्रयोग पडला कशानं हो? मी दर वेळी एकच सांगत आले, डॉक्टर वाक्य विसरले. लोकांना पटतं. मास्तरांनाही जाईपर्यंत तेच वाटत होतं. पण तो माणूस सात वर्षांत एकदाही वाक्य विसरला नव्हता, आणि त्या दिवशीही विसरला नव्हता. मी फक्त गप्प पडून राहायला हवं होतं. मेलेल्या बाईला दुसरं काम तरी काय असतं?